‘काही होत नाही’ म्हणण्याआधी

गेल्या चैत्रात आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. इंदूरची एप्रिलमधली संध्याकाळ, कूलरची घरघर, पन्ह्याचे पेले, द्रोणांत आंब्याची डाळ आणि ओटीसाठी भिजवलेले हरभरे. पंधरा-वीस जणी जमल्या होत्या. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींची लेक द्रोण घेऊन माझ्याजवळ येऊन बसली. सत्तावीस वर्षांची, आयटीत नोकरी करणारी मुलगी. तिनं अगदी हळू विचारलं, “काकू, मॅमोग्राफी दुखते का हो? आईला न्यायचंय. ती दोन वर्षं टाळतेय.”

तिनं हळू विचारलं, पण आपल्या बायकांचे कान कुठे हळू असतात! तीन-चार जणी एकदमच म्हणाल्या, “छे गं, काही होत नाही!” “पाच मिनिटांचं काम.” “मी तर करून तिथूनच सराफ्यात गेले होते.” हसणं झालं आणि विषय कैरीच्या भावावर गेला.

मी काहीच बोलले नाही. ‘काही होत नाही’ हे वाक्य मीही एकदा एका बाईला सांगितलं होतं. त्याबद्दल आज लिहायचं आहे. आपल्या मंडळाचा हा अंक घरातल्या मुली, सुना आणि मुलगेही मोबाइलवर वाचतात. म्हणून मुद्दाम इथेच लिहिते.

पहिली वेळ

२०१४ साली मला पंचेचाळीसावं लागलं होतं. आमच्या फॅमिली डॉक्टर म्हणाल्या, “एकदा मॅमोग्राफी करून घ्या, काही तक्रार नसली तरी.” मी मोठ्या जाऊबाईंना विचारलं, मैत्रिणीला विचारलं. दोघींनीही तेच सांगितलं, काही होत नाही.

मी गेले. जाताना आंघोळ करून, भरपूर पावडर लावून, चांगली साडी नेसून गेले. डॉक्टरांकडे जायचं म्हणजे नीटनेटकं जावं, ही आपली शिकवण. तिथल्या बाईंनी पाहिलं आणि कपाळाला आठी घातली. “पावडर लगाके आए हो? पोंछके आइए.” ओला टिश्यू हातात दिला. मग म्हणाल्या, “गले का सब उतारिए.” मंगळसूत्र काढून कुठे ठेवायचं हे काही सांगितलं नाही. मी ते पर्समध्ये टाकलं आणि कमरेपर्यंत उघडी, एसीच्या गारठ्यात, हात छातीवर घेऊन उभी राहिले.

पुढचं सगळं मला अनपेक्षित होतं. मला वाटलं होतं एक्स-रेसारखं असेल. पाटीसमोर उभं राहायचं आणि झालं. ते तसं नसतं. त्या बाईंनी हातानं उचलून मला त्या थंड पाटीवर ‘ठेवलं’ आणि वरून प्लास्टिकची पारदर्शक पाटी खाली येऊ लागली. येतच राहिली. माझ्या तोंडून “आई गं” निघालं. “हिलना मत, सांस रोको.” डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं की लाजेचं, हे मला अजून सांगता येणार नाही. असं चारदा झालं.

त्या दोन दिवसांनी माझी पाळी आली. तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं, की पाळीच्या आधीच्या आठवड्यात छाती जड आणि हळवी झालेली असते आणि त्या दिवसांत ही तपासणी जास्त दुखते.

रिपोर्ट चांगला आला. घरी ‘ह्यां’नी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, काही नाही झालं. बहिणीनं फोनवर विचारलं, तिलाही तेच. सगळ्यांना काही होत नाही, मलाच झालं, तर माझंच काहीतरी वेगळं असेल, मीच नाजूक असेन, असं मला वाटलं होतं. शिवाय हे सांगणार कोणत्या शब्दांत? आपल्या घरांत ‘स्तन’ हा शब्द पुस्तकाबाहेर कुणी उच्चारत नाही. आपण ‘छाती’ म्हणतो.

पुढे दोन वर्षांनी डॉक्टरांनी आठवण केली. मी म्हटलं, मुलाची बारावी होऊ दे. मग सासूबाईंचा गुडघा झाला. मग घराचं रंगकाम. कारणं सगळी खरी होती, पण खरं कारण ती खोली होती.

आत्या

माझी आत्या ग्वाल्हेरला, लष्करात राहायची. माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठी. वडील गेल्यावर माहेर म्हणजे तीच होती. २०१५ साली ती फोनवर म्हणाली, “अगं, इथे डॉक्टरीणबाई म्हणतायत छातीचा फोटो काढा. तू काढलास ना? कसं असतं?”

मी म्हटलं, “काही होत नाही गं आत्या. जाऊन ये.”

आठवड्यानं मी विचारलं, “गेलीस का?” ती म्हणाली, “गेले होते.” मी समजले, झालं.

नोव्हेंबर २०१८ मध्ये माझ्या पुतण्याच्या लग्नासाठी ती आली. लग्नाच्या सकाळी डावा हात वर जात नाही म्हणाली, म्हणून मी तिचा ब्लाउज घालायला मदत करत होते. तेव्हा दिसलं. काखेच्या बाजूला कातडी आत ओढल्यासारखी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली. मी विचारलं, “आत्या, हे कधीपासून?” ती म्हणाली, “असेल वर्ष झालं. दुखत नाही गं. दुखलं असतं तर दाखवलं नसतं का?”

आपल्याला वाटतं, दुखत नाही म्हणजे काही नाही. ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. म्हणूनच ती लपून बसते.

आजार तिसऱ्या टप्प्यात होता. उपचार इंदूरला करायचं ठरलं आणि आत्या आमच्याकडे राहिली. जानेवारीतल्या एका दुपारी आम्ही दोघी गच्चीत उन्हाला बसून मटार सोलत होतो. तिच्या डोक्यावर लोकरीची टोपी होती, केस गेले होते. मी सहज म्हटलं, “तुझा तीन वर्षांपूर्वीचा फोटो असेल ना घरी? डॉक्टर जुना रिपोर्ट मागत होते.”

ती बराच वेळ सोलत राहिली. मग म्हणाली, “नाही गं. मी अर्ध्यातून परत आले होते.”

तिनं सांगितलं ते असं. तिला मंगळसूत्र काढायला सांगितलं. बेचाळीस वर्षांत तिनं ते गळ्यातून काढलं नव्हतं. ठेवायला जागा दिसेना, म्हणून मुठीत धरून उभी राहिली. “आधी कळलं असतं तर देवापुढे ठेवून गेले असते.” मग उजव्या बाजूचे दोन फोटो झाले. तिला फार दुखलं. तिला वाटलं, मशीन बिघडलंय किंवा आपल्यातच काही दोष आहे, कारण ‘काही होत नाही’ असं तिला पक्कं सांगितलं होतं. डाव्या बाजूची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, मला चक्कर येतेय, आणि ब्लाउज घालून निघून आली. आतोबांना तर तिनं छातीचा फोटो असंच सांगितलं होतं. ते बाहेर बसले होते. त्यांना वाटलं, खोकल्याचा एक्स-रे. त्यांनी विचारलं, “कफ आहे का?” ती म्हणाली, “नाही.”

“मग मला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“काय सांगू? तू म्हणाली होतीस काही होत नाही. मला वाटलं, पोरीला झालं नाही नि मी म्हातारी रडले.”

मी डॉक्टरांना नंतर विचारलं, तेव्हा डावा फोटो झाला असता तर कळलं असतं का? ते म्हणाले, सांगता येणार नाही. तेव्हा तिथे काही नसेलही. ते खरंच असणार. पण त्यानंतर दर दोन वर्षांनी ती जात राहिली असती, हे मात्र मला माहीत आहे. तिला घाबरवलं ते त्या मशीननं एकट्यानं नाही. मी एक खोटं सांगितलं होतं. प्रेमानं, पण खोटंच.

दुसरी वेळ

त्या दुपारी आत्या म्हणाली, “आता तू जा. पण मला येऊन खरं सांग.”

फेब्रुवारी २०१९ मध्ये मी गेले. या वेळी दुसऱ्या सेंटरला. आधी डॉक्टरांना सगळं विचारून घेतलं, शाळेतल्या मुलीसारखं वहीत लिहून. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली तारीख घेतली. डिओडरंट, पावडर, क्रीम काही लावलं नाही, कारण त्यातले कण फोटोत पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात आणि ते कॅल्शियमचे बारीक कण समजले जाऊ शकतात. अगदी लहान गाठींच्या शोधात डॉक्टर असेच ठिपके पाहत असतात. सलवार-कुर्ता घातला, म्हणजे फक्त वरचं काढायचं. साडीही चालते. अंगभर एकसंध गाऊन मात्र नको. मंगळसूत्र आणि कानातलं घरीच देव्हाऱ्यात ठेवलं. २०१४ चे फोटो बरोबर घेतले, कारण जुना-नवा शेजारी ठेवून पाहिला की बदल कळतो.

तिथली टेक्निशियन माझ्या मुलीच्या वयाची होती. मी तिला सरळ म्हटलं, “बेटा, पिछली बार बहुत दुखा था. मुझे डर लग रहा है.” ती थांबली. स्टूल ओढून मला बसवलं आणि म्हणाली, “आंटी, पहले मैं सब बता देती हूं, फिर करेंगे. दबेगा, और थोडा दुखेगा. पर आप बोलोगी तो मैं रुक जाऊंगी.”

तिनं सांगितलं ते मी तुम्हाला सांगते. एकूण चार फोटो. प्रत्येक बाजूचे दोन: एक वरून खाली, एक तिरका, काखेच्या बाजूनं. प्रत्येक वेळी दाब असतो तो काही सेकंदांपुरता. फोटो निघाला की पाटी आपोआप सैल होते. दाबायचं का? कारण आतलं सगळं एकावर एक असतं. ते पसरलं की मागे दडलेलं दिसतं, फोटो हलत नाही आणि किरणही कमी लागतात. किरणांची भीती मलाही होती. एका पूर्ण तपासणीत मिळणारे किरण साधारण सात आठवड्यांत आपल्याला निसर्गातून जेवढे मिळतात तेवढे असतात.

मग तिनं अंगावर टॉवेल दिला. एका वेळी एकच बाजू उघडी. एवढ्याशा टॉवेलनं केवढा फरक पडतो! पाटी आधीसारखीच थंड होती. ती म्हणाली, “कंधा ढीला छोडिए, मुंह उधर.” मी ताठ होते तेव्हा जास्त दुखत होतं. खांदा सोडल्यावर कमी झालं. दाब आला तेव्हा मी मनात आकडे मोजले. सातला सुटला. तिरक्या फोटोत पाटीची कड काखेत रुतते, तो सगळ्यात वाईट. उजव्या बाजूला मी “थांब” म्हटलं. ती खरंच थांबली. थोडं सैल केलं, मला जरा पुढे सरकवलं आणि मग पुन्हा केलं. पंधरा-वीस मिनिटांत सगळं आटोपलं.

घरी आल्यावर आत्या पलंगावरून उठून बसली. “काय झालं?”

मी म्हटलं, “दुखलं. दार चिमटीत सापडावं तसं नाही, पण कुणी जोरात दाबून धरावं तसं. उजव्या तिरक्याला सगळ्यात जास्त. रडले नाही. आता जरा ठणकतंय.”

ती म्हणाली, “असं आहे होय.” आणि तिचा चेहरा सैल झाला. चार वर्षांनी तिला कळलं, की तिच्यात दोष नव्हता.

परत बोलावणं

तिसऱ्या दिवशी सेंटरचा फोन आला. डाव्या बाजूला काही दिसतंय, आणखी फोटो आणि सोनोग्राफी करायची आहे. तारीख आठवड्यानंतरची.

खरं सांगते, त्या आठवड्यापुढे मशीनचा दाब काहीच नव्हता. आत्या घरात किमोचे दिवस काढत होती आणि मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना विचार करत होते, की तिला सांगावं की नाही. शेवटी सांगितलं. एकदा लपवण्याचं फळ समोर दिसत होतं. ती म्हणाली, “घाबरू नकोस” असं नाही. ती म्हणाली, “भीती वाटणारच. मी येऊ बरोबर?” आली नाही, पण विचारलं.

त्या दिवशी सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं. पाण्याची साधी गाठ. काही करायची गरज नव्हती. त्या म्हणाल्या, परत बोलावलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो. पहिल्या फोटोत जे नीट दिसलं नाही ते पुन्हा नीट पाहायचं असतं, एवढाच अर्थ. हे वाक्य आधी कुणी सांगितलं असतं तर माझा आठवडा जरा बरा गेला असता. म्हणून तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

आत्या आमच्याकडून उपचार संपवून ग्वाल्हेरला गेली. पुढची अडीच वर्षं तिनं छान काढली, नातवाची मुंज पाहिली. २०२२ च्या पावसाळ्यात ती गेली.

मुलींनो, तुमच्यासाठी

२०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कॅन्सर झाल्याचं निदान झालं. आपल्या देशातल्या बायकांमध्ये हाच कॅन्सर सगळ्यात जास्त आढळतो. त्यामुळे ‘आपल्या घरात नाही’ या वाक्यात फारसा अर्थ नाही. ज्यांना हा आजार होतो त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो.

आणि घरातलं पाहायचं असेल तर फक्त आईकडचं पाहू नका. वडिलांकडचंही तितकंच मोजतात. आत्या आणि वडिलांकडची आजीही मोजायची. मी माझ्या लेकीला आत्याबद्दल सांगितलं, आणि तिनंही ते तिच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

विशी-तिशीतल्या मुलींना साधारणपणे मॅमोग्राफी सांगत नाहीत. त्या वयात आतली रचना दाट असते, फोटोत नीट दिसत नाही. काही शंका असली तर बहुधा आधी सोनोग्राफी करतात. पण आपलं शरीर नेहमी कसं असतं हे तुम्हाला ठाऊक हवं. नवी गाठ, कातडीला खळगा, बोंड आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं, एका बाजूचा आकार बदलणं, यांतलं काहीही दिसलं तर दुखण्याची वाट पाहू नका. आणि मॅमोग्राफी स्वच्छ आली म्हणून पुढची दोन वर्षं डोळे मिटून बसू नका. मधेच काही हाताला लागलं तर दाखवा. फोटोतूनही काही सुटू शकतं.

मशीन कधीपासून आणि किती वर्षांनी, हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. अमेरिकेत २०२४ पासून चाळीस ते चौऱ्याहत्तर वयात दर दोन वर्षांनी सांगतात, इंग्लंडमध्ये पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी. आपल्याकडे २०१६ च्या सरकारी सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातांनी तपासणी करायची आहे, मशीनशिवाय. देवास, धार, खरगोनकडच्या आपल्या मावश्या-काकूंना हे मुद्दाम सांगा, कारण त्यांच्या गावी मशीन असेलच असं नाही. ही हातांची तपासणी कमी लेखू नका. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांना घेऊन वीस वर्षं अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हातांनी तपासत होत्या. त्या तपासणीत आजार लवकरच्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण वाढलं, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झालेले दिसले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मात्र मृत्यूंत तसा फरक दिसला नाही. २०२१ साली तो अभ्यास छापून आला.

आता दुखण्याबद्दल. सगळ्यांना सारखं दुखत नाही. काहींना खरंच काही होत नाही. सराफ्यात गेलेल्या माझ्या मैत्रिणीवर माझा विश्वास आहे. काहींना बरंच दुखतं. पाळी चालू असेल तर ती संपल्यानंतरचा आठवडा निवडा. आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल किंवा अंगावर पाजत असाल तर आधी सांगा. टेक्निशियनला पहिल्यांदा आहे किंवा मागे दुखलं होतं हे सांगा. ‘थांबा’ म्हणता येतं, हे लक्षात ठेवा. टॉवेल मागता येतो. दिवसभर ठणकलं तर सैल कपडे घाला. बहुधा एक-दोन दिवसांत थांबतं. आणि एखाद्या ठिकाणी वागणूक बरी मिळाली नाही, तर पुढच्या वेळी ठिकाण बदला, तपासणी सोडू नका. मी उलटं केलं होतं.

मुलांनाही सांगते. बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसालाही माहीत असू द्या, की आत खोकल्याचा एक्स-रे चाललेला नाही. आतोबांना माहीत असतं, तर आत्या अर्ध्यातून बाहेर आली तेव्हा त्यांनी कफाचं विचारलं नसतं. कदाचित जरा पाणी पाजून तिला पुन्हा आत जायचा धीर दिला असता.

त्या संध्याकाळी

हळदीकुंकू आटोपल्यावर ती मुलगी पेले आवरायला थांबली. मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि म्हटलं, “आईला असं सांग. दुखेल. चारदा दुखेल, दर वेळी काही सेकंद. तिरक्या फोटोला जास्त. मंगळसूत्र घरी ठेवून जा, पावडर लावू नकोस. थांब म्हटलं की त्या थांबतात. परत बोलावलं तर लगेच वाईट समजू नकोस. आणि बाहेर मी बसलेली आहे.”

ती म्हणाली, “काकू, एवढं सांगितलं तर ती जाणारच नाही!”

मी म्हटलं, “सांगून तर बघ. न सांगता दोन वर्षं गेलीच आहेत ना?”

पंधरा-वीस दिवसांनी सकाळी सकाळी तिचा फोन आला. दोघी सेंटरवरून निघून पोहे-जिलबी खायला थांबल्या होत्या. मी विचारलं, “आई कशी आहे?” तिनं फोन आईकडे दिला. वहिनी म्हणाल्या, “तुम्ही सांगितलं होतंत तेवढंच दुखलं. मी तिसऱ्या वेळी थांबवलं तिला.” मग जिलबी तोंडात असल्यासारखा आवाज आला, “पुढच्या वेळी माझ्या बहिणीला पण घेऊन जाईन. तिला काय सांगायचं ते आता मला माहीत आहे.”